वाड्यातील स्वयंपाकघराचा रूम बॉक्स: आधी वेळ ठरवा, मग वस्तू आणा

प्रश्न: सदाशिव पेठेतील वाड्यात आमच्या आजीचे स्वयंपाकघर होते. वाडा पाडून तिथे आता इमारत उभी आहे. आईच्या पंचाहत्तरीला त्या स्वयंपाकघराचा रूम बॉक्स, म्हणजे पेटीत बसवलेली खोलीची लहान प्रतिकृती, करून द्यायचा आहे. आतून १६ इंच रुंद, १२ इंच खोल आणि १२ इंच उंच अशी प्लायची पेटी करून घेतली, तुळशीबागेतून पितळेची भातुकली आणली, छताला एलईडीची पांढरी पट्टी लावली. पण सगळे मांडून पाहिले तर ते दुकानाच्या शोकेससारखे दिसते. माझे चुकते कुठे?

उत्तर: तुमच्या हातात काही कमी आहे असे मला वाटत नाही; कामाचा क्रम तेवढा उलटा झाला आहे. तुम्ही आधी वस्तू आणल्या आणि मग त्या ठेवायला खोली केली. ज्या खोलीचे काम केवळ वस्तू धरून ठेवण्याचे असते ती शोकेसच असते. गेली वीस वर्षे मी लहान प्रमाणातील खोल्या करतो आहे, आणि पेटीला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जात नाही: कोणते वर्ष, कोणता महिना आणि दिवसाची कोणती वेळ. ‘जुना वाडा’ एवढ्या विषयावर खोली उभी राहत नाही. ‘१९६५ च्या सुमाराचे स्वयंपाकघर, मार्गशीर्षातील सकाळचे साडेसात, चूल पेटलेली, पहिला चहा होऊन गेलेला, भात अजून चढायचा आहे’ असे लिहिले की प्रकाश कुठून येणार, कोणते भांडे ओले असणार, पाट भिंतीला उभे असणार की मांडलेले, हे सारे आपोआप ठरत जाते.

वर्ष ठरवल्याने काही वस्तू आपोआप बाहेरही जातात. पुष्कळ जण अशा स्वयंपाकघरात हौसेने इवलेसे ‘कालनिर्णय’ लावतात. ते १९७३ पासून निघू लागले, त्यामुळे १९६५ च्या भिंतीवर ते लावता येणार नाही. स्टीलच्या भांड्यांची पूर्ण मांडणीही त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात नको. पितळ, तांबे, चिनी मातीच्या बरण्या आणि त्यांत नवलाईचे म्हणून स्टीलचे एखाददुसरे भांडे, एवढे पुरे.

आईला आधी कळू द्यायचे नसेल तर मावशीला किंवा मामांना विचारा. पण ‘घरात काय काय होते’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर यादीच्या रूपात मिळते. ‘कोणती गोष्ट कुठे असे’ असे विचारा. मी माझे पहिले स्वयंपाकघर आईला दाखवले तेव्हा तिने ते बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, ‘‘मीठ कुठंय रे?’’ जाते, पाटा-वरवंटा, उखळ सगळे होते; मीठ नव्हते. मग तिनेच सांगितले की, मिठाची बरणी चुलीशी बसणारीच्या उजव्या हाताला, उठावे लागू नये इतकी जवळ असते, आणि ती चिनी मातीची किंवा लाकडाची असते, कारण मीठ पितळेला खाते. ती एक बरणी जागेवर गेल्यावर चुलीपुढे कोणीतरी बसत असणार असे वाटू लागले. तेव्हापासून मी बसणाऱ्या माणसाची जागा आधी ठरवतो आणि त्याच्या हाताच्या अंतराने वस्तू लावत जातो.

आता प्रमाण. तुमच्या पेटीसाठी १:१२ हेच योग्य आहे, म्हणजे खऱ्यातील १ फूट तो पेटीतील १ इंच. जगभर या छंदात हेच प्रमाण सर्वांत रूढ आहे. नवी दिल्लीची आखणी करणारे एडविन ल्युटेन्स यांनी १९२१ ते १९२४ या काळात इंग्लंडच्या राणी मेरीसाठी बाहुलीघर केले तेही १:१२ चेच, आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांच्या ज्या ६८ खोल्या आहेत त्याही याच प्रमाणातील आहेत. आपल्याला त्याचा व्यावहारिक फायदा असा की, जुनी माणसे मापे फुटांतच सांगतात, त्यामुळे हिशेब तोंडी होतो.

भातुकलीचा घोटाळा इथेच आहे. तुळशीबागेतील भांडी घडणीला सुंदर असतात, परंतु ती मुलींच्या हाताच्या मापाने केलेली असतात आणि एकाच संचातील भांडीही एकमेकांशी प्रमाणात नसतात. पट्टी घेऊन बसा आणि प्रत्येक भांड्याची उंची बाराने गुणा. ६ सेंटीमीटरचा हंडा खऱ्यात ७२ सेंटीमीटरचा होतो. इतका मोठा हंडा कडेवर कोण घेणार? तो साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास हवा. अडीच सेंटीमीटरचा तांब्या म्हणजे फूटभर उंचीचा तांब्या. खरा तांब्या इथे सव्वा सेंटीमीटरपेक्षा मोठा नको. मात्र तोच अडीच सेंटीमीटरचा तांब्या कळशी म्हणून चपखल बसेल. अशी नव्याने नावे देत गेलात तर आणलेल्या भातुकलीतील तिसरा हिस्सा तरी उपयोगी पडेल. उरलेली मनाविरुद्ध का होईना, बाजूला ठेवा. बारीक भांड्यांसाठी रविवार पेठेत बोहरी आळीत दागिने जुळवण्याच्या सामानाची दुकाने पालथी घाला: अर्धे कापलेले घुंगरू वाटी होते, पितळी मण्याला तारेची कड वेढली की गडू होतो, टिचबटणाचा खालचा अर्धा भाग निरांजन म्हणून ठेवला तर ते टिचबटण आहे हे कोणालाही ओळखू येत नाही.

आणि पितळी भांड्यांबद्दल एक गोष्ट कधीही विसरू नका: कल्हई. भातुकली आतूनही पिवळीधमक असते, तर स्वयंपाकाच्या खऱ्या पितळी भांड्याला आतून कल्हई असते. पातेल्यांच्या आतून मंद रुपेरी रंगाचा एक हात द्या, बुडाला काळा रंग कोरड्या कुंचल्याने टिपा, आणि बाहेरची चमक थोडी मारून टाका. पाण्याचे तांब्याचे पिंप मात्र घासून लख्ख ठेवा, कारण अशा घरांत रोज चिंच लावून घासले जाई ते पिंपच.

प्रमाण डोळ्यांत भरण्यासाठी माझी एक जुनी सवय सांगतो. पुठ्ठ्यातून आजीची उभी आणि बसलेली अशा दोन आकृती कापून घ्या. आजी ४ फूट ११ इंच असतील तर उभी आकृती साडेबारा सेंटीमीटरची होईल. काम संपेपर्यंत या दोन्ही आकृती पेटीत फिरत राहिल्या पाहिजेत. फडताळाची वरची फळी आजीच्या हाताला लागते का, खुंटी कुठे हवी, दिव्याचा कोनाडा किती उंचीवर, हे त्यांनाच विचारावे.

पेटी १२ इंच उंच आहे म्हणून खोली १२ फूट उंच करू नका. वाड्यातील स्वयंपाकघर ठेंगणे आणि काळोखेच असे. जमिनीखाली अर्धा इंच तारांसाठी सोडा, मग ८ इंचांची खोली, अर्ध्या इंचाचे छत, आणि वरचे ३ इंच दिव्यांसाठी राखा. रुंदीत डावीकडे साडेतीन इंच बाहेरची बाजू म्हणून सोडा, त्याला लागून दीड इंच जाडीची भिंत घ्या आणि ११ इंच खोलीला द्या. समोरून मागे जाताना पेटीचा पुढचा १ इंच काच आणि चौकटीसाठी, साडेआठ इंच खोलीला, एक इंचाची मागची भिंत आणि तिच्यामागे दीड इंचाची पोकळी.

भिंतींच्या या जाडीवर मी अडून राहीन. शोकेसची भिंत पातळ असते, वाड्याची भिंत दीड-दोन फूट जाड असते, आणि पाहणाऱ्याला ते खिडकीच्या व दाराच्या कडेतच कळते. ५ मिलिमीटर सनबोर्डाचे (हलक्या फोमच्या फलकाचे) दोन पदर मध्ये पट्ट्या घालून उभे केले की जाड भिंत तयार होते, आणि तिच्यात पाऊण इंच खोल कोनाडा खरोखर कोरता येतो. रंगवलेला कोनाडा आणि खोदलेला कोनाडा यांत फार फरक आहे. खोदलेल्या कोनाड्यात सावली राहते.

मागच्या पोकळीत पूर्ण माजघर करण्याची गरज नाही. दार अर्धे उघडे ठेवा, पलीकडच्या भिंतीला फिका निळसर चुना द्या, आणि झोपाळ्याची एक कडी व फळीचे टोक एवढेच दिसू द्या. थॉर्न यांच्या खोल्या इतक्या खऱ्या वाटतात त्याचे मोठे कारण हेच आहे की दारांतून आणि खिडक्यांतून पलीकडे काहीतरी दिसत राहते आणि उजेड न दिसणाऱ्या जागेतून आत येतो.

छत कडीपाटाचे करा. साधारण ८ मिलिमीटरच्या चौकोनी लाकडी पट्ट्या इंचाइंचावर आडव्या टाकून त्यांवर आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या बसवा. त्या काड्यांचे लाकूड बारीक रेषेचे असल्यामुळे प्रमाणात दिसते. सागाचा व्हेनिअर खऱ्या घरात सुंदर असला तरी इथे त्याच्या रेषा बारापट मोठ्या वाटतात. छत चिकटवू नका, लहान चुंबकांवर टेकवा, म्हणजे दिवा बिघडला तर उचलता येईल. भिंतीला चित्रकारांचा प्लास्टर पेस्ट नको. रंगारी वापरतात ती पुट्टी पातळ करून बोटाने लावा आणि थोडी ओबडधोबड राहू द्या. जमीन शहाबादी हवी असेल तर २ फुटांची फरशी इथे २ इंचांची होते. माउंटबोर्डाचे चौकोन कापून त्यांच्या कडा नखाने किंचित मोडा, आणि करड्या रंगात हिरवट छटा मिसळा. शेणाने सारवलेली हवी असेल तर बारीक गाळलेली माती, फेव्हिकॉल आणि पाणी यांचा पातळ लेप हाताच्या अर्धगोल फटकाऱ्यांनी द्या. ते फटकारे दिसायला हवेत, पण त्यांचा व्यास अडीच सेंटीमीटरच्या वर जाऊ नये, कारण खऱ्या हाताची पोच तेवढीच असते.

चुलीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा. पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर हवेत वाळणाऱ्या मातीचा थर द्या. रुंदी ३ सेंटीमीटर, उंची जेमतेम २ सेंटीमीटर, शेजारी वैल, म्हणजे चुलीच्याच आचेवर चालणारे जोडतोंड. ही माती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. एरवी त्या त्रासदायक ठरतात, पण चुलीला त्या हव्याच असतात; काही बुजवा, काही ठेवा आणि वरून गेरूमिश्रित लेप द्या. मग धूर. कोळशाची पूड मलमलीतून गाळून घ्या आणि कोरड्या मऊ कुंचल्याने खालून वर ओढत न्या. चुलीच्या अगदी मागे काजळी गडद, वर जाताना ती पसरते आणि फिकट होते, आणि कड्यांना अडली की तिथे पुन्हा गडद होते. दोन कड्यांच्या मधल्या फळ्या सर्वांत काळ्या. हा एक डाग नीट जमला तर आठ इंचांची भिंत चाळीस वर्षांची होते. शेवटी मॅट वॉर्निशचा दुरून हलका फवारा मारा, नाहीतर पूड पुढे वर्षभर झडत राहते. थर्माकोलचा एखादा तुकडा कुठे वापरला असेल तर तो आधी फेव्हिकॉलने पूर्ण झाकून घ्या. फवाऱ्याच्या डब्यातील द्रावक त्याला वितळवतो.

तुमची पांढरी एलईडी पट्टी काढून टाका. सगळीकडून सारखा, सावली न पडणारा उजेड दुकानात माल दाखवायला लागतो. मार्गशीर्षातील सकाळी उजेडाची जागा एकच, डावीकडची खिडकी. बाहेरच्या साडेतीन इंचांत सुमारे ४००० केल्विनचे, म्हणजे किंचित पिवळसर पांढऱ्या उजेडाचे, दोन-तीन दिवे खिडकीच्या वर, थोडे पुढे बसवून त्यांच्यापुढे बटरपेपर धरा, म्हणजे जमिनीवर गजांच्या सावल्या तिरप्या पडतील. दुसरा उजेड चुलीचा: एक नारिंगी आणि एक लाल, ३ मिलिमीटरचे, त्यांतील एक लुकलुकणारा, वर कोळशाचे बारीक तुकडे. तिसरा मागच्या माजघरात, अगदी मंद. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या दुकानांत, हे सगळे मिळते. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालवायचे असेल तर पांढऱ्या दिव्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात, उरलेल्या २ व्होल्टसाठी २२० ओहमचा रोध (रेझिस्टर) लावला की सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह जातो. नारिंगी व लाल दिव्यांना २ व्होल्टच लागतात, म्हणून त्यांना ३३० ओहम. माजघराच्या दिव्याला सरळ १००० ओहम लावा. तो २ मिलिअँपिअरवर जळेल, आणि तेवढाच हवा. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र रोध द्या, आणि भिंतींना रंग लागण्याआधी सगळे दिवे एक अख्खी रात्र जळते ठेवून पाहा. मी एकदा फरशी आधी बसवली आणि नंतर चुलीखालची तार तुटली. ती फरशी उखडताना चूलही गेली.

कापडाचा प्रश्न वेगळा आहे, कारण लांबी-रुंदी लहान करता येते पण जाडी आणि वजन करता येत नाही. नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट, इथे २७ इंच. पण तेवढे कापड घडी करून दांडीवर टाकले तर ते गादीसारखे दिसते. जुन्या, अनेकदा धुतलेल्या मलमलीचा एकच पदर घ्या, पातळ फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवा, दांडीवर टाकून चुण्या सुईने पाडा आणि खालच्या कडेला टाचण्या लोंबवून वाळू द्या. काठ विणलेला नको, रंगाने ओढलेला हवा. खणाचे किंवा इरकलीचे खरे कापड मोहात पाडते, परंतु त्याची नक्षी या खोलीत राक्षसी होते.

धान्य खरे ठेवू नका. तांदळाचा ६ मिलिमीटरचा दाणा इथे अर्ध्या मिलिमीटरचा होतो, त्यामुळे खसखससुद्धा मोठी पडते. आणि किडे-मुंग्या यायला त्या चार दाण्यांचे निमित्त पुरते. गाळलेली बारीक वाळू रंगवून सुपात पसरा. सूप आणि रोवळीसाठी खऱ्या बांबूच्या कामट्याही टाळा; त्यांना भुंगा लागतो. जाड कागदाच्या बारीक पट्ट्या चहाच्या पाण्यात रंगवून विणल्या तर काम भागते.

पुण्याच्या पावसाळ्याचा विचार आत्ताच करा. जून ते सप्टेंबर हवा ओलसर राहते आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) किंवा पुठ्ठा एकाच बाजूने रंगवला असेल तर तो हमखास वाकतो. दोन्ही बाजू आणि चारही कडा वॉर्निशने बंद करा, एका बाजूला कागद चिकटवला तर दुसऱ्या बाजूलाही चिकटवा. छतावरच्या मोकळ्या जागेत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि मागच्या फळीला दोन लहान भोके ठेवा. दिव्यांची ऊबही तिथून जाते.

जुन्या वस्तूंची रूपे डोळ्यांत साठवण्यासाठी बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वही घेऊन दोन वेळा जा. पहिल्या वेळी फक्त भांडी आणि दिवे पाहा. दुसऱ्या वेळी दारे पाहा, विशेषतः त्यांच्या बिजागऱ्या, कड्या आणि जिथे हात लागून लाकूड गुळगुळीत झाले आहे ती जागा. नंतर विश्रामबागवाड्यात जाऊन खांब आणि तुळई यांचा सांधा पाहा. तिथे जे दिसेल ते आपल्या उंबरठ्यावर आणा: उंबरठा मधोमध अर्धा मिलिमीटर घासा, कारण पाय तिथेच पडतो; दाराच्या कडेला उभ्या आजीच्या हाताच्या उंचीवर तेलकट तपकिरी रंगाचा बोटभर पुसट डाग द्या; पाट जिथे उभे करतात तिथे भिंतीवर पाटाच्या कडेची रेघ उमटू द्या. वापराच्या खुणा सगळीकडे सारख्या पसरल्या तर त्या मळ वाटतात. हात, पाय आणि धूर पोचतो तिथेच त्या हव्यात.

समोरची काच म्हणून ३ मिलिमीटरचे ॲक्रिलिक खाचेत सरकवा, चिकटवू नका. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट त्याच्या जवळपासही वापरू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक ॲक्रिलिकवर पांढरे धुके बसते आणि ते निघत नाही. आतील सगळे डिंक आणि वॉर्निश पूर्ण वाळायला आठवडा द्या, मगच काच लावा आणि तिचा संरक्षक कागद सर्वांत शेवटी काढा.

पेटी कुठे ठेवायची हेही आत्ताच ठरवा, भिंतीला खिळे मारण्याआधी. या स्वयंपाकघरातील सारे आयुष्य जमिनीवर बसून होई, म्हणून ते उभ्या माणसाच्या नजरेने पाहू नये. पाटावर बसलेल्या आजीचे डोळे जमिनीपासून साधारण ७५ सेंटीमीटरवर असतील. पेटीत ते होतात सव्वासहा, आणि पाहणाऱ्याचे डोळे त्याच पातळीवर यायला हवेत. तुमच्या आई खुर्चीत बसून पाहणार असतील तर त्यांना बसवून डोळ्यांची उंची मोजा. ती ११० सेंटीमीटर आली तर पेटीतील जमीन १०४ वर यायला हवी, आणि तारांची पोकळी व तळाची फळी धरून भिंतीवरची फळी सुमारे १०२ सेंटीमीटरवर बसवावी लागेल.